स्टॉकमधली स्प्रिंग खांद्यासाठी नसते

सध्या एक रील फिरतंय: 'एआर-१५ च्या स्टॉकमध्ये गाडीसारखा शॉकअ‍ॅब्सॉर्बर असतो, म्हणून धक्का लागत नाही. आत बफर जितका जड टाकाल तितकं उत्तम. स्टॉक काय, कुठलाही बसतो.' एआर-१५ ही अमेरिकन रायफल, स्टॉक म्हणजे तिचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग, आणि बफर म्हणजे त्यातल्या स्प्रिंगपुढचं सरकतं वजन. तीन वाक्यं, तिन्ही घसरलेली.

धक्का कमी लागतो हे खरं. पण तिच्या ५.५६ मिमी काडतुसाची गोळीच जेमतेम ४ ग्रॅमची, मोठ्या ७.६२ मिमी नाटो काडतुसाची साडेनऊच्या आसपास. शिवाय तिचा रचनाकार युजीन स्टोनरने स्टॉक नळीच्या सरळ रेषेत ठेवला, त्यामुळे नळीचं तोंड कमी उसळतं. स्प्रिंग धक्का जरा पसरवते, इतकंच. तिचं खरं काम मागे आलेल्या बोल्ट कॅरियरला (नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट वाहणारा सरकता भाग) पुढे ढकलून पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात घालण्याचं. एके-४७ ची स्प्रिंग रिसीव्हरमध्येच, म्हणजे रायफलीच्या मधल्या पेटीतच मावते, म्हणून तिचा स्टॉक दुमडता येतो.

आता बफर. कार्बाइनचा, म्हणजे आखूड रायफलीचा बफर कानाशी हलवून पाहा, खुळखुळ्यासारखा वाजतो. आत तीन सुटी वजनं, मधे रबराच्या चकत्या. कॅरियर पुढे आदळून उलटा उसळणार, तेवढ्यात ही वजनं मागून येऊन त्याला दाबतात. साधा बफर सुमारे ८५ ग्रॅमचा. पोलादाच्या जागी टंगस्टन घालत गेलं की एच, एच-२, एच-३ असे आणखी जड प्रकार. व्हिएतनाममध्ये काडतुसातली पावडर (दारू) बदलल्यावर एम-१६ च्या, म्हणजे एआर-१५ च्या लष्करी रूपाच्या, फैरींचा वेग भलताच वाढला, रायफली अडकू लागल्या, आणि नवा बफर आणून तो वेग आवरावा लागला. म्हणजे जडपणा हे औषध, पण कॅरियरला मागे ढकलणारा दारूचा गॅस जास्त असेल तेव्हाचं. गॅस बेताचा असेल तर कॅरियर पुरता मागेच येत नाही. मॅगझिन संपल्यावर बोल्ट उघडा राहायला हवा, तो मिटून बसतो.

आणि म्हणे कुठलाही स्टॉक! स्टॉक ज्या ट्यूबवर चढतो (बफर आणि स्प्रिंग तिच्याच आत), तिची दोन मापं: लष्करी मापाच्या मिल-स्पेक ट्यूबचा व्यास २९.२ मिमी, बाजारी कमर्शियलचा २९.७. या अर्ध्या मिलिमीटरपायी मिल-स्पेक स्टॉक कमर्शियल ट्यूबवर चढत नाही, आणि उलट जोडी जमवली तर तो डगडगतो. लांब रायफल-ट्यूबमध्ये आखूड कार्बाइन बफर घातला तर कॅरियर जास्त मागे जाऊन त्याच्यावरची गॅस-की (गॅस आत घेणारा छोटा भाग) रिसीव्हरवर आपटते.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं. त्या प्रकारातल्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत बफर नसतोच. गालाचा आधार आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) मात्र अंगाप्रमाणे जुळवून घेतात. स्टॉक निवडतानाही तेच करा: रिकामी रायफल डोळे मिटून खांद्याला लावा. डोळे उघडल्यावर साइट (नेम धरायची खूण) शोधायला मान हलवावी लागली, तर माप चुकलंय.