तिळाहून लहान कपॅसिटरसाठी अख्खं कार्ड भंगारात?

एकोणीस दिवस! एकोणीस दिवस माझं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर चित्र आणणारं कार्ड, सर्व्हिस सेंटरमध्ये पडून होतं आणि परत आलं ते दिलं होतं तसंच. वर एक स्टिकर: फिजिकल डॅमेज, वॉरंटी रिजेक्टेड. डोकं फिरलंय माझं.

झालं असं की धूळ साफ करायला कार्ड काढलं आणि परत बसवताना त्याची मागची बाजू कॅबिनेटच्या पत्र्याला घासली. पंखे फिरतात, लाइट लागतो, स्क्रीन काळी. मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघितलं. स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्टीच्या वर बारीक कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवणाऱ्या इवल्या तुकड्यांची, रांग असते ना, त्यातला खाचेशेजारचा एक गायब. दोन चकचकीत ठिपके तेवढे उरलेले. एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद, म्हणजे तिळाहून लहान वस्तू. लेन म्हणजे डेटा ये-जा करायची वाट; १६ लेनच्या कार्डावर लेनमागे दोन असे हे ३२ कपॅसिटर असतात आणि कार्डाकडून मदरबोर्डकडे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाकडे, जाणारा सिग्नल त्यांच्यातूनच जातो. शेवटच्या एखाद्या लेनचा उडाला असता तर कार्ड आठ लेनवर तरी चाललं असतं. माझा उडाला तो पहिल्याच लेनचा. मदरबोर्डला कार्ड दिसेचना.

चूक माझी, आणि काउंटरवर मी पहिलं वाक्य तेच बोललो. फुकटात करून द्या असं म्हटलंच नाही. म्हटलं, "पैसे घ्या, पण एवढा एक कपॅसिटर लावून द्या." तर तो म्हणतो, "सर, आमच्याकडे चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग बदलायचं, काम होत नाही. वॉरंटीत बसलं तर रिप्लेसमेंट, नाहीतर रिजेक्ट." मग पाटी सर्व्हिस सेंटरची कशाला लावलीय? तिथे सर्व्हिस होतच नाही, तिथे फक्त खोकी घेतात आणि खोकी देतात! आणि "होत नाही" एवढंच सांगायला एकोणीस दिवस?

घरातला छताचा पंखा हळू फिरायला लागला की आपण काय करतो? इलेक्ट्रिशियनला बोलावतो, तो अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदलतो, पंधरा मिनिटांत पंखा गरागरा. कंडेन्सर गेला म्हणून नवा पंखा घ्या असं कोणी सांगितलं तर आपण त्याला दारातून हाकलून देऊ. इथे वस्तू तीच, कपॅसिटरच, फक्त २२० नॅनोफॅरडचा आणि आकाराने बारीक. किंमत एक-दोन रुपये. त्याच्यासाठी तीसेक हजारांचं कार्ड कचऱ्यात टाकायचं?

रागाच्या भरात मी अजून एक घोळ केला. जवळच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो. "होऊन जाईल" म्हणाला आणि थेट हीट गन काढली. ना फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावतात ते), ना भिंग, ना आजूबाजूला टेप. अरे, ते शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांपुढे वितळतं, तुझी गन कुठल्या तापमानावर आहे हे तुला तरी माहीत आहे का? मी थांबवेपर्यंत त्या दोन चकचकीत ठिपक्यांपैकी, म्हणजे कपॅसिटर ज्यावर बसतो त्या पॅडपैकी, एक उखडला होता. सोपं काम अवघड करून ठेवलं, आणि वर चेकिंग चार्ज मागितला. दिला मी, भांडायचं त्राण नव्हतं.

पण एकट्या त्याला तरी काय बोलू? कंपन्या बोर्डाचा नकाशा बाहेर देत नाहीत. कुठल्या जागी कितीचा कपॅसिटर, हे कारागिराने शोधायचं कुठून? कंपनीतून चोरून बाहेर आलेल्या फाइली कुठून तरी मिळवायच्या, नाहीतर तसंच मेलेलं कार्ड शोधून त्यावर मोजायचं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. क्षेत्रं निवडली ती शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब, घरगुती उपकरणं आणि वाहनं. चांगलंच आहे. पण ग्राफिक्स कार्ड यातल्या कशात बसवू मी? यावर माझं घर चालतं, लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो मी! दोन पार्ट्यांचे अल्बम अडकले, एका मुलीच्या बापाला रोज फोनवर "काका, उद्या नक्की" म्हणत होतो.

शेवटी केलं कोणी? मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका पोराने. मायक्रोस्कोपखाली कार्ड धरलं, उखडलेल्या पॅडपासून पुढे जाणाऱ्या ट्रेसवरचा (बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघेवरचा) लेप ब्लेडने हळूच खरवडला, खालचं तांबं उघडं केलं. त्यावर केसाएवढ्या तारेचा जंपर टाकला आणि एका मेलेल्या कार्डावरचा कपॅसिटर काढून बसवला. श्वास रोखून बघत होतो मी. पंचवीस मिनिटं. साडेचारशे रुपये. घरी येऊन कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड सॉफ्टवेअर उघडलं, बस इंटरफेससमोर पूर्ण १६ लेन!

सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारलं, वॉरंटीचे १४ महिने बाकी आहेत, उद्या पंखा बिघडला तर? "सर, बाहेर काम झालंय ना, आता काहीच कव्हर होणार नाही." जे काम करायला हे स्वतः नाही म्हणाले, ते दुसऱ्याने केलं म्हणून!