अंगोलाच्या मतदारांना दोष देण्याआधी तारखा पाहा

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीला ग्रुपवर एक मेसेज आला आणि तिने तो वहीत उतरवूनही घेतला. म्हणे, आफ्रिकेतल्या अंगोलात 1992 साली अध्यक्षपदाची निवडणूक चोरली गेली, खरे विजेते बंडखोर नेते साविंबीच होते, म्हणून थांबलेलं यादवी युद्ध पुन्हा पेटलं. अडाणी लोकांना मताधिकार दिला की असंच व्हायचं. वाचून डोकं तापलं.

मतदान झालं 29 आणि 30 सप्टेंबरला. 3 ऑक्टोबरला साविंबींनी रेडिओवरून फसवणुकीचा आरोप केला. 5 तारखेला त्यांच्या युनिटा पक्षाचे सेनाधिकारी सरकारसोबतच्या नव्या संयुक्त सैन्यातून बाहेर पडले. अधिकृत निकाल मात्र लागला 17 ऑक्टोबरला! सत्तेवरचे अध्यक्ष दोस सांतुस यांना 49.57 टक्के, साविंबींना 40.07. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, म्हणजे दुसरी फेरी घेणं भाग होतं. मतं चोरणारा नेमका विजयाच्या अर्धा टक्का अलीकडे थांबेल? संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधी मार्गारेट ॲनस्टी यांनीही, सगळ्या उणिवा धरून, निवडणूक एकंदरीत मुक्त आणि न्याय्य झाल्याचं जाहीर केलं होतं.

सरकारी रेडिओ-टीव्ही सत्ताधारी एमपीएलएच्या बाजूने झुकलेले होते, हे मान्य. तेवढ्याने निकाल खोटा ठरत नाही.

पण 'अडाणी लोक' हे वाक्य मला सहनच होत नाही. सोळा वर्षांचं युद्ध सोसलेल्या, वाटावाटांवर सुरुंग पेरलेल्या देशात 48 लाखांहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं आणि त्यातल्या 91 टक्क्यांनी मत दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी आपलं काम चोख केलं. मतदानाआधी सरकार आणि युनिटा दोघांची सैन्यं मोडायची, असं त्यांच्यातल्या 1991 च्या बिसेस शांतता करारात ठरलं होतं. ते झालं नाही. एवढ्या मोठ्या देशात त्यावर नजर ठेवायला संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक होते 350. तशाच यादवी युद्धातून निघालेल्या मोझांबिकमध्ये सहा हजारांवर शांतिसैनिक आले, आधी सैन्यं मोडली, मगच 1994 साली मतदान झालं. तिथे युद्ध परतलं नाही त्यावेळी. तिथले मतदार काय जास्त शिकलेले होते?

आणि साविंबींच्या बाजूवर झालेला अन्याय सांगायचाच, तर मेसेजमध्ये नसलेला सांगा. ऑक्टोबरच्या शेवटी राजधानी लुआंडात लढाई पेटली, युनिटाच्या समर्थकांना हुडकून मारलं गेलं. वाटाघाटींसाठी तिथे असलेले पक्षाचे उपाध्यक्ष जेरेमियास चितुंडाही मारले गेले. दुसरी फेरी झालीच नाही. 2002 मध्ये साविंबी मारले जाईपर्यंत युद्ध पुरतं थांबलं नाही.