ते पांढरं इंजेक्शन नाकारण्याआधी

“प्रोपोफोल घेऊ नका. मायकेल जॅक्सन त्यानेच गेला, अमेरिकेत त्यातून लोकांना कावीळ झाली, कोर्टाने कंपन्यांना 50 कोटी डॉलरचा दणका दिला. अंड्याची ॲलर्जी असेल तर जीवच जातो.” हा मजकूर सगळीकडे फिरतोय. तो वाचून एक बाई ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मला म्हणाल्या, “ते पांढरं औषध सोडून काहीही द्या.” मी भूलतज्ज्ञ आहे, आणि ते पांढरं औषध म्हणजे भूल देण्याचं प्रोपोफोल. त्यांची भीती मला खोटी वाटली नाही, पण ती भलत्याच गोष्टीची होती.

जॅक्सन प्रोपोफोलनेच गेला, हे खरंच आहे. पण कसा? 25 जून 2009 रोजी, लॉस एंजेलिसमधल्या घरी, निव्वळ झोप यावी म्हणून ते दिलं गेलं. सोबत लोराझेपाम हे गुंगीचं औषधही होतं. देणारे डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञ होते. ईसीजी लावलेला नव्हता, ऑक्सिमीटरला अलार्म नव्हता आणि डॉक्टर खोलीबाहेर गेले होते. 2011 मध्ये ते दोषी ठरले, चार वर्षांची शिक्षा झाली.

या औषधाचा खरा धोका त्या मजकुरात आलेलाच नाही. टेबलावर पेशंट “हात चुरचुरतोय” म्हणतो, जांभई देतो आणि मिनिटाच्या आत डोळे मिटतो. पुष्कळदा छातीही हलायची थांबते. मी हनुवटी उचलते, मास्क घट्ट धरते, बॅग दाबून श्वास देते. नजर पडद्यावरच्या कार्बन डायऑक्साइडच्या रेषेवर. रक्तदाबही उतरतो. प्रोपोफोलवर उतारा नाही. ते काही मिनिटांत ओसरतं, पण तेवढा वेळ श्वास सांभाळणारं माणूस उशाशी हवंच.

त्या मजकुरातली कावीळ म्हणजे हिपॅटायटिस सी, रक्तातून पसरणारा यकृताचा संसर्ग. लास व्हेगासच्या एंडोस्कोपी क्लिनिकमधला हा प्रकार 2008 मध्ये उघडकीस आला. एका पेशंटला टोचलेल्या सिरिंजला नुसती सुई बदलून तीच पुन्हा व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या बाटलीत, घालायची, आणि उरलेलं औषध पुढच्या पेशंटला द्यायचं. सिरिंजमध्ये मागे आलेलं रक्त असं व्हायलमध्ये उतरलं. 40 हजारांहून जास्त लोकांना तपासणी करून घ्यायला सांगावं लागलं. 2010 मध्ये ज्यूरीने टेवा आणि बॅक्स्टर या औषध कंपन्यांवर 50 कोटी डॉलरची दंडात्मक भरपाई लावली. औषध खराब होतं, असा तो दावाच नव्हता. छोट्या तपासण्या करणाऱ्या क्लिनिकला मोठ्या व्हायल विकल्या, त्यामुळे उरलेलं वापरायचा मोह झाला, असा आरोप होता. मला तो पटतो. क्लिनिकच्या मालक-डॉक्टरला 2013 मध्ये जन्मठेप झाली.

अंड्याचं म्हणाल, तर यात बलकातलं लेसिथिन हे स्निग्ध द्रव्य असतं. ॲलर्जी बहुतेकांना पांढऱ्यातल्या प्रथिनांची असते. त्यामुळे सहसा अडत नाही, तरी भूलतज्ज्ञांना सांगून ठेवा.

त्या बाईंना मी म्हटलं, दोनच गोष्टी विचारा: शेवटपर्यंत माझ्याजवळ कोण थांबणार, आणि व्हायल-सिरिंज फक्त माझ्यासाठी उघडणार ना? सकाळी टेबलावर त्यांनी मला तेच विचारलं. मी त्यांच्यासमोर नव्या व्हायलचं सील काढलं.