हरणामागे धावून टॅक्स वाचत नाही

अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथितार्थ असा: शिकारीचा शौक असेल तर एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढा, बंदूक, काडतुसं, पिकअप, रानाची लीज, कुत्र्याचं खाणं सगळं शेड्यूल सीवर (धंद्याच्या नफ्यातोट्याच्या कर-फॉर्मवर) दाखवा, आलेला तोटा पगारातून वजा करा. पहिली पाच वर्षं आयआरएस (तिथलं आयकर खातं) विचारूच शकत नाही. वर 'सीपीए (सनदी हिशेबनीस) हे मुद्दाम सांगत नाहीत' अशी फोडणी.

घरातल्याच एकाने, तोही एच-वन-बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असलेल्याने, 'करू का?' असं विचारत हे पुढे पाठवलं. म्हणून हा प्रपंच.

'एलएलसी काढली की शौकाचा धंदा होतो.' नाही होत. एकट्याच्या मालकीची एलएलसी आयकराच्या दृष्टीने, वेगळा पर्याय निवडला नसेल तर, नसल्यातच जमा असते; तिचा हिशेब तुमच्याच १०४० वर (वैयक्तिक आयकर रिटर्नवर) येतो. कॅलिफोर्नियात मात्र तिच्यापायी दरवर्षी किमान ८०० डॉलर भरावे लागतात, धंदा होवो न होवो.

'पाच वर्षं कोणी विचारत नाही.' ही अफवा कुठून निघाली ते कळतं. आयकर कायद्याचं कलम १८३ म्हणतं की सलग पाचपैकी तीन वर्षं नफा झाला तर हेतू नफ्याचाच होता असं गृहीत धरू, आणि आयआरएसला ते खोडून काढायची मुभा ठेवू. घोड्यांच्या पैदाशीला आणि शर्यतींना सातपैकी दोन वर्षं पुरतात. सवलत नफा दाखवणाऱ्याला आहे. इथे तोटा दाखवायचाय, तर तिचा उपयोग काय? फॉर्म ५२१३ भरून धंदा की छंद हा निर्णय पुढे ढकलता येतो, हे खरं. पण त्या फॉर्मने त्या सगळ्या वर्षांची तपासणीची मुदतही लांबते, आणि 'माझ्या धंद्याबद्दल शंका येऊ शकते' हे आपणच लिहून दिल्यासारखं होतं.

धंदा की छंद हे ठरवायला नियमांत नऊ निकष दिलेत. वेगळं बँक खातं आणि खतावणी आहे का, या कामातलं ज्ञान आहे का, किती वेळ देता, तोटा झाल्यावर पद्धत बदललीत का, आणि तोटा सोसायला दुसरीकडून गलेलठ्ठ पगार येतो का. शेवटचा निकष मौजेचा. शिकार तिथेच अडकते.

मुळात मिळकत येणार कुठून? शिकार केलेल्या रानटी हरणाचं मांस विकायला जवळपास सगळीकडे बंदी आहे. पैसे घेऊन दुसऱ्यांना शिकारीला न्यायचं तर माँटाना, कोलोराडो, आयडाहो अशा राज्यांत आउटफिटरचा परवाना लागतो आणि वनखात्याच्या जमिनीवर वेगळी परवानगी. हे सगळं करणारे लोक आहेत. शेड्यूल सीच्या यादीत शिकारी आणि सापळे लावणाऱ्यांसाठी ११४२१० हा कोडसुद्धा आहे. असा खरा धंदा बुडाला तर तोटा पगारातून वजा होतो. मेसेजमधलं एवढं वाक्य खरं आहे. शनिवारी मित्रांबरोबर मचाणावर बसणं म्हणजे तो धंदा नव्हे.

आकडे मांडूच. २,००० डॉलर मिळकत, १६,००० खर्च, म्हणून १४,००० तोटा दाखवला. तो छंद ठरला तर खर्च शून्य धरला जातो, कारण छंदाच्या खर्चाची वजावट २०१८ पासून बंद होती आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमची गेली. विकलेल्या मालाची मूळ किंमत तेवढी वजा होते. ते २,००० मात्र करपात्रच, शेड्यूल १ वर. म्हणजे उत्पन्न १६,००० ने वाढलं. २४ टक्क्यांच्या टप्प्यात ३,८४० डॉलर कर, निष्काळजीपणा ठरला तर २० टक्के दंडाचे ७६८, वर व्याज. छंदाच्या मिळकतीवर १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर लागत नाही, हाच काय तो दिलासा.

'क्लायंटला शिकारीला न्या, खर्च धंद्याचा.' २०१८ पासून बंद. कलम २७४ च्या नियमावलीत करमणुकीच्या व्याख्येतच शिकार, मासेमारी आणि सुट्टीच्या सहली नावानिशी लिहिल्यात.

'आफ्रिकेत शिकार करा, डोकं पेंढा भरून म्युझियमला द्या, सगळी सफारी वजा.' हे वीस वर्षांपूर्वी खरंच चालायचं, म्हणून तर २००६ मध्ये काँग्रेसने भोक बुजवलं. आता स्वतः खर्च करून पेंढा भरून घेतलेला प्राणी दान दिला तर मूळ खर्च किंवा बाजारभाव यांतलं जे कमी तेवढंच मिळतं. आणि मूळ खर्चात फक्त पेंढा भरून मढवण्याचे पैसे धरायचे. विमान, गाइड, परवाना, काहीही नाही. वीस वर्षं शिळा सल्ला 'सीक्रेट' म्हणून खपवायचा म्हणजे कमाल आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. एच-वन-बीवर एलएलसीची मालकी ठेवता येते, तिच्यात राबता येत नाही. शेड्यूल सीवर 'जी' ओळीत थेट प्रश्न आहे: या धंद्यात तुमचा भरीव सहभाग होता का? 'हो' म्हणायच्या सात कसोट्यांपैकी सर्वांत सरळ कसोटी वर्षाला ५०० तासांपेक्षा जास्त कामाची. 'नाही' म्हणालात तर तोटा निष्क्रिय ठरतो आणि कलम ४६९ प्रमाणे पगारातून वजा होत नाही; सगळा खटाटोप फुकट. 'हो' म्हणालात तर परवानगीशिवाय काम केल्याचा कागद तुमच्याच सहीनिशी तयार. ग्रीन कार्डच्या आय-४८५ या अर्जात 'परवानगीशिवाय काम केलंत का?' हाच नेमका प्रश्न असतो. एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, असलेल्यांची आणि ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी, पण मेसेज पाठवणाऱ्याने व्हिसाचा उल्लेखही केलेला नाही.

बंदुकीचंही तेच. एच-वन-बीसारख्या व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. मोजके अपवाद आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतला वैध शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक कपाटात राहिली, की अपवादही संपला. बंदूक एलएलसीच्या नावावर घेतल्याने यात काडीचा फरक पडत नाही, कारण कायदा ती कोणाच्या ताब्यात आहे ते बघतो.

ज्यांनी असं रिटर्न आधीच भरलंय त्यांनी आयआरएसचा तपासणीचा निरोप येण्याआधी १०४०-एक्सने दुरुस्ती करावी. वेळेत केली तर २० टक्क्यांचा दंड सहसा टळतो, व्याज टळत नाही. एच-वन-बीवाल्यांनी मात्र त्याआधी इमिग्रेशन वकील गाठावा, कारण दुरुस्त रिटर्नवरही सही आपलीच असते.