आधी बटण, मग काज

सणासाठी घरावर रोषणाईचा तारा लावायचा आणि तो विकत न आणता स्वतःच्या हाताने करायचा, असे मी एका बेसावध संध्याकाळी घरात जाहीर केले. आराखडा मी एकाच बैठकीत पूर्ण केला. एकात एक असे पाच टोकांचे तीन तारे, प्रत्येकाला दहा कडा, बाहेरच्या ताऱ्याच्या कडेवर १२ दिवे, मधल्याच्या ८ आणि आतल्याच्या ४. म्हणजे एकूण २४०. या हिशेबाला मोजून वीस मिनिटे लागली. त्या २४० दिव्यांचा आकार कोणता असावा, हे ठरवण्यात मात्र पाच आठवडे गेले.

हे दिवे साध्या माळेतले नव्हेत, त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येकाच्या पोटात स्वतःची चिप असते आणि प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे हवा तो रंग धारण करतो. एका दिव्याकडून दुसऱ्याकडे तीन तारा जातात: एक विजेची, एक परतीची आणि मधली निरोपाची. कंट्रोलर, म्हणजे दिव्यांना हुकूम सोडणारे यंत्र, पहिल्या दिव्याच्या हाती पत्रांचा गठ्ठा देतो. तो आपल्या नावाचे वरचे पत्र काढून घेतो आणि उरलेला गठ्ठा पुढच्याला देतो. तीन रंगांसाठी प्रत्येकी ८ बिट, म्हणजे हे पत्र २४ बिटांचे असते आणि ते वाचायला एका सेकंदाचा दहा हजारावा भागही लागत नाही. इतक्या चपळ मंडळींनी अंगावर काय घालावे, एवढाच माझ्यासमोरचा प्रश्न होता.

पहिला उमेदवार बुलेट. बोटाच्या पेराएवढा, पुढे गुळगुळीत घुमट, मागे राळेने गच्च भरलेले जाडसर अंग. १२ मिलिमीटरचे भोक पाडायचे आणि मागून दाबून बसवायचा, की झाले. गोंद नको, स्क्रू नको, पावसाची भीती नको. इतका सरळमार्गी असल्यामुळेच तो मला पहिल्या दिवशी अगदी सामान्य वाटला. जी गोष्ट सगळेच वापरतात ती आपण वापरली तर पाच आठवडे कशाचा विचार केला असे लोक विचारतील, ही धास्तीही होतीच.

मग चौकोनी मॉड्यूलने मला भुरळ घातली. सपाट, भारदस्त, पाठीला चिकटपट्टी आणि कडेला स्क्रूची भोके. दुकानांच्या पाट्यांवरील पोकळ अक्षरांच्या पोटात दडून उजेड पसरवणे हा या घराण्याचा मूळ पेशा. यातल्या १२ व्होल्टच्या प्रकारात अनेकदा एका चिपच्या हाताखाली तीन दिवे एका रांगेत असतात आणि तिघांनी मिळून एकच रंग दाखवायचा असतो. एकत्र कुटुंबातल्या तीन भावांनी मोठ्यांपुढे एकच मत मांडावे तसे. पाच सेंटिमीटर अंतरावर ठिपके हवे असलेल्या माझ्या ताऱ्यात हे लांबलचक कुटुंब मावणार कुठे, हा विचार मी सोयीस्करपणे पुढे ढकलला.

तिसरी पट्टी. एका मीटरमध्ये ३०, ६० किंवा १४४ दिवे, ओळीत बसवलेले, सरळ रेषेसाठी याहून सुबक काही नाही. परंतु पट्टी आडव्या अंगाला वळत नाही, ती तांब्याच्या खुणेवरच कापावी लागते आणि ताऱ्याला कोपरे असतात. तीन ताऱ्यांच्या तीस कडा, म्हणजे तीस तुकडे, म्हणजे मधल्या २९ जागी प्रत्येकी तीन तारा आणि प्रत्येक तारेची दोन टोके. हा गुणाकार १७४ टाके असा आला तेव्हा मी सोल्डरिंग आयर्न, म्हणजे धातू वितळवून तारा जोडणारा तो दांडा, हलकेच कपाटात परत ठेवला.

बारीक खड्यांसारखे पिक्सेल झाडाच्या फांद्यांना गुंडाळायला फार गोजिरे दिसतात, पण त्यांच्या तारा केसासारख्या बारीक आणि लांबवर वीज नेताना धापा टाकणाऱ्या. वीज कमी पडली की आधी निळा आणि हिरवा रंग माघार घेतात, कारण त्यांना लाल रंगापेक्षा जास्त व्होल्ट लागतात. आणि मग पांढऱ्या माळेचे शेपूट लाजल्यासारखे तांबूस होते. जुन्या पद्धतीच्या मोठ्या बल्बचा आकार धारण करणारे पिक्सेलही मिळतात. ते दिवसासुद्धा शोभिवंत दिसतात, आणि खरे सांगायचे तर माझा जीव त्यांच्यावरच जडला होता.

नमुन्यादाखल मी पाचही प्रकार मागवले आणि टेबलावर मांडून त्यांच्याकडे निरनिराळ्या कोनांतून पाहू लागलो. खिडकीशी आईचे शिवणयंत्र असते. तिने तीन-चार दिवस हे निमूटपणे पाहिले आणि एका दुपारी कोपऱ्यात उभ्या केलेल्या पन्हळी प्लास्टिकच्या शीटकडे मान वळवून विचारले, "त्याला भोकं कसली पाडलीस रे?"

"दिव्यांसाठी. सध्या चाळीसच पाडलीत. काम पुढे सरकतंय असं वाटावं म्हणून."

"केवढी पाडलीस?"

"बारा मिलिमीटर."

तिने चष्मा नाकावर खाली घेतला. "म्हणजे चाळीस काजं करून झाल्यावर तू बटणं निवडतोयस होय? आधी बटण, मग काज."

टेबलावरच्या पाच नमुन्यांपैकी त्या भोकात बसणारा एकच होता, हे मला दिसत नव्हते असे नाही. पण आपला निर्णय ड्रिलच्या पात्याने घेतला, हे मान्य करायला मन तयार होईना. म्हणून शास्त्रशुद्ध चाचणी घ्यायची ठरवली. रात्री गच्चीच्या कठड्यावर पाचही नमुने एकाच रंगात लावले, मुलीला रस्त्याच्या पलीकडे उभे केले आणि फोनवरून विचारले, "डावीकडून दुसरा कसा दिसतो?"

"ठिपका दिसतो, बाबा."

"आणि तिसरा?"

"ती रेघ आहे. बाकी सगळे ठिपकेच."

"अगं, चौथा बघ नीट. त्याचा आकार किती डौलदार आहे!"

"बाबा, अंधारात दिव्याचा आकार कसा दिसणार? उजेडच दिसतो ना."

पाच आठवडे मी हे दिवे उन्हात निरखत होतो आणि ते लागणार होते रात्री. तरीही चाचणी अगदीच वाया गेली नाही. मुलगी रस्त्याने बाजूला चालत गेली तेव्हा तिने कळवले की एक ठिपका समोरून सर्वांत ठसठशीत असला तरी कडेने मिणमिणता होतो आणि दुसरा सगळीकडून सारखाच राहतो. पहिला पारदर्शक घुमटाचा बुलेट होता. दुसरा चौकोनी, त्यावरचे भिंग उजेड रुंद फाकवते. यावरून मी दुधी घुमटाचा बुलेट मागवायचा, असा स्वतंत्र बुद्धीने घेतलेला निर्णय घरात वाचून दाखवला. कोणी काही बोलले नाही. बल्बच्या आकाराचा नमुना मी अजून टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवला आहे.

बुलेट ५० च्या माळेत येतात. पाच माळा म्हणजे २५०. प्रत्येक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर जवळपास ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे सगळे मिळून ५ व्होल्टला १५ अँपिअर. त्यामुळे सप्लाय दणकट घेतला, प्रत्येक माळेच्या सुरुवातीला वीज नव्याने पुरवली आणि तेज ३० टक्क्यांवर ठेवले. उरलेली दोनशे भोके पाडताना कळले की साधे पाते पन्हळी शीट फाडते आणि पायऱ्यापायऱ्यांचे शंकूसारखे पाते स्वच्छ भोक पाडते. दोन भोके साडेबारा मिलिमीटरची झाली आणि त्यांतले दिवे हात लावताच मागे पडू लागले. "काज नेहमी अंमळ कमीच कापावं," असे यंत्रावरून ऐकू आले.

शंभरेक दिवे दाबून बसवल्यावर माझा अंगठा सुजला. आईने न विचारता तिचे अंगुस्तान पुढे केले. ते माझ्या करंगळीतही जाईना, म्हणून उरलेले दिवे मी अंगठ्याला चिंध्या गुंडाळून बसवले.

माळेच्या शेवटी १० दिवे उरले. ते कापून टाकावेत म्हणून कात्री हातात घेतली, तर आई म्हणाली, "कापू नकोस. शर्टाच्या आतल्या पट्टीला जादा बटण शिवलेलं असतं, बघितलंयस ना?" ताऱ्याच्या तारा आधीच मागे लोंबत होत्या, त्यांत आणखी दहा दिव्यांचे शेपूट अंधारात लोंबत राहिले. कंट्रोलरला मी त्यांचे अस्तित्वच सांगितले नाही.

पहिल्या रात्री तारा लखलखला. दुसऱ्या रात्री ११७ दिवे लागले आणि पुढचे सगळे अंधारात गेले. गठ्ठा अडवणारा बहुधा पहिला विझलेला दिवा असतो, क्वचित त्याच्या अलीकडचा. मी शिडीवर चढून ११८ वा अंगठ्याने मागे ढकलला. तो निघेना, इतका घट्ट बसला होता. अखेर निघाला तेव्हा खालून आईने तिची छोटी कात्री वर दिली आणि म्हणाली, "शेवटचं काप. मधलं नको."