पुस्तक पोराच्या पिशवीत जाऊ द्या

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे विद्यार्थी फोस्टर केअरमधल्या, म्हणजे आईवडिलांपासून दूर, सरकारी देखरेखीखाली बहुधा दुसऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलांना आधार देतात, लहानग्यांना गोष्टी वाचून दाखवतात, हे वाचून फार बरं वाटलं. एकच कळकळीची विनंती, दर आठवड्याला नवा चेहरा नको. या मुलांचं घर बदलतं, शाळा बदलते. वाचून दाखवणारी ताई तरी तीच राहू दे. चार वर्षांचं पोर तीच गोष्ट पाचव्यांदा मागतं आणि पान उलटायच्या आधीच पुढचं वाक्य म्हणून टाकतं, वाचनाची सुरुवात तिथेच होते. ते पुस्तकही त्याच्याच पिशवीत जाऊ द्या. यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मोठ्या मुलांना चेफी या तिथल्या सरकारी योजनेतून शिक्षणासाठी वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात, पण सुट्टीत वसतिगृह बंद झालं की त्यांनी जायचं कुठे? ते विद्यापीठानंच बघायला हवं.