लेखी द्या की, साहेब!

ऑक्टोबरची वीस तारीख उलटली की मोबाईल कुणाचाही वाजू दे, आमच्या घरातली आधी माझ्या तोंडाकडं बघते. "आलं काय?" एवढंच विचारते. काय आलं ते सांगावं लागत नाही. चकलीची भाजणी, आकाशकंदील आणि पोलीस ठाण्याचा फोन, तिन्ही आमच्यात बरोबरच येतात.

"अण्णा, जरा बर्री की. साहेब बोलावलेत. काही नाही, एक सही हाय."

काही नाही! या "काही नाही"नं माझं डोकं उठतं. काही नाही तर बोलावता कशाला? आणि काही असेल तर कागद पाठवा की. फोनवर बोलावलेल्या माणसानं उद्या "मी गेलो होतो" म्हणून कुणाला काय दाखवायचं?

मी बेळगावातला मंडपवाला. खुर्च्या, स्टेज, पडदे, कर्णे भाड्यानं देतो. बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं. कुठल्या भाषेत जेवणार आणि कुठल्या भाषेत रडणार, हे मी कधी गिऱ्हाइकाला विचारलेलं नाही. १ नोव्हेंबरला एका चौकात राज्योत्सवाचं, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाचं, स्टेज असतं आणि त्याच दिवशी दुसरीकडं मराठी लोकांच्या काळ्या दिनाची सभा. माझ्या त्याच पांढऱ्या फायबरच्या खुर्च्या दोन्हीकडं गेलेल्या आहेत, पाठीवर त्याच लाल रंगात माझं नाव. राज्योत्सवाला किती गेल्या, कोण न्यायला आलं, पैसे रोख की फोनवर, हे आजवर एकदाही कुणी विचारलं नाही. सभेला शंभर गेल्या की डिलिव्हरीचं चलन बुक काउंटरवर उघडं पाहिजे. कॉन्स्टेबल मोबाईल काढतो आणि पानंच्या पानं फोटो मारतो. मधल्या पानांवर कुणाच्या मुलीच्या साखरपुड्याचा पत्ता, कुणाच्या आईच्या दिवसकार्याचा नंबर. ते सगळं कुठल्या तरी ग्रुपवर गेलं. कुठल्या? विचारायची सोय नाही.

आणि हो, काळ्या दिनाच्या फेरीला मी जातो. लपवायचं काय त्यात? १९५६ च्या १ नोव्हेंबरला आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात घातलं, म्हणून त्या दिवशी काळी फीत लावून संभाजी उद्यानापासून मराठा मंदिरापर्यंत चालायचं. वडील चालत होते, मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून जात होतो. सीमेच्या वादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, महाराष्ट्रानं सुप्रीम कोर्टात दावा २००४ ला घातला, तो अजून तिथंच आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल. माझं भांडण आज त्यावर नाहीच. सीमा कुठंही असू दे, मला ठाण्यात उगीच बसवू नका, एवढं साधं मागणं आहे.

पोलिसांच्या यादीत माझं नाव कसं गेलं, ते ऐकाच. एका सभेला मी साऊंड लावायला गेलो होतो. कर्ण्याची वायर सैल झालेली, म्हणून स्टेजवर चढून माईक हातात घेतला आणि "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, एक, दोन, तीन" म्हणालो. खाली पोलिसांतर्फे व्हिडिओ चालू. काढणारा कोण, तर आमच्याच भागातला लग्नाचा व्हिडिओवाला. रविवारी नवरा-नवरीला "काका, जरा इकडं बघा, हसा" म्हणतो, आंदोलनाच्या दिवशी रोजंदारीवर पोलिसांसाठी आमचीच तोंडं टिपतो. त्याला मी दोष देत नाही, त्यालाही पोट आहे. पण त्याच्या कॅमेऱ्यात मी स्टेजवर, हातात माईक, तोंड उघडं. झालं, वक्ता ठरलो! तीनपर्यंत आकडे मोजले, एवढंच माझं आजवरचं राजकीय भाषण.

तेव्हापासून दरवर्षी दोन मोसम. एक काळ्या दिनाच्या आधी, दुसरा डिसेंबरात, इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरायच्या आधी. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, एक जामीनदार. गेल्या खेपेला दहाला बोलावलं म्हणून मी पावणेदहाला हजर. "कूडरी," म्हणाला ठाणे अंमलदार. बसलो. बाकाचा एक पाय आखूड, त्याच्याखाली घडी घालून कागद सरकवलेला. अकरा झाले. बारा झाले. "साहेबरु इल्लरी." साहेब बंदोबस्ताच्या मीटिंगला. बंदोबस्त कुणाचा, तर बाकावर बसलेल्या माझा! दीडला टेम्पोवाल्याचा फोन, कंग्राळीच्या वास्तुशांतीचे पडदे कुठं आहेत म्हणून. अडीचला साहेब आले, मान वर न करता म्हणाले, "नाळे बर्री." उद्या या!

मला कन्नड चांगलं येतं हो. गोदामातली निम्मी पोरं बैलहोंगलकडची आहेत, त्यांच्याशी दिवसभर कन्नडच बोलतो. कागद कन्नडमध्ये आहे म्हणून मी चिडत नाही. मी चिडतो कारण कागदात मजकूरच नाही. छापील फॉर्म, मधल्या जागा कोऱ्या, खाली सही करायची. "वर काय लिहिणार?" विचारलं तर "ते आम्ही भरतो." दुकानात मी कोऱ्या पावतीवर सही मागितली तर गिऱ्हाईक चप्पल काढेल.

मेहुणा कोर्टात कारकून आहे. त्याच्याकडून पुस्तक आणून एकदा रात्री वाचत बसलो. नव्या कायद्यात, म्हणजे २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, शांततेसाठी हमी घ्यायची ती कलम १२६ खाली. पूर्वीचं १०७. बरं. पण त्याच्या पुढं कलम १३० आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. मॅजिस्ट्रेटनं लेखी आदेश काढायचा, माझ्याबद्दल काय माहिती मिळाली तिचा सारांश त्यात द्यायचा, बाँड किती रकमेचा, किती दिवसांचा, ते सगळं लिहायचं. साक्षीदार म्हणून बोलवायचं तरी १७९ खाली लेखीच. आणि काही न करता नुसतं उचलून ठेवलं १७० खाली, तर चोवीस तासांच्या आत सोडायचं, दुसऱ्या कलमाखाली अटक दाखवली नसेल तर. कायद्यात पानोपान "लेखी, लेखी" आणि ठाण्यात सगळं "तोंडी, तोंडी". वर गंमत बघा की, आमच्याकडं आयुक्तालय आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटचे अधिकारही पोलीस अधिकाऱ्याकडंच. अहवाल त्यांचा, सुनावणी त्यांची, निकाल त्यांचा. आपण फक्त फोटो चिकटवायचे.

जमावबंदीचंही तेच. पूर्वीचं १४४, आता १६३. सुप्रीम कोर्टानं २०२० च्या जानेवारीत, काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या निकालात, स्पष्ट सांगितलं की असले आदेश प्रसिद्ध करा, कारणं द्या, आणि लोकांचं म्हणणं दाबायला पुन्हा पुन्हा तेच कलम वापरू नका. आमच्याकडं कारणाची गरज कुणाला? अधिवेशन आलं की त्याच्या विरोधातल्या मराठी लोकांच्या महामेळाव्याला नकार. २०२२ च्या डिसेंबरात व्हॅक्सिन डेपो मैदानावरच्या मेळाव्याला परवानगी नाकारली, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नेत्यांना ताब्यात घेतलं आणि महाराष्ट्रातून येणाऱ्यांना सीमेवर कोगनोळीच्या टोलनाक्यावर अडवलं. त्या पुढाऱ्यांचं काय, नाक्यावर चॅनेलला बाईट दिला आणि माघारी कागलला जेवायला. राहतो कोण? आम्ही. आणि तिकडंही काय रामराज्य नाही. २०२५ च्या जुलैत त्यांच्या विधिमंडळानं, संघटनाच बेकायदा ठरवता येईल असं, जनसुरक्षा विधेयक मंजूर केलंच की. म्हणजे उद्या महाराष्ट्रात गेलो तरी बाक बदलेल, एवढंच.

२०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं. माझा हक्क चलन बुकासकट फोटो होऊन गेला. पोराच्या पासपोर्टची चौकशी आली तेव्हा पहिला प्रश्न पोराबद्दल नव्हताच. "तुझे वडील अजून जातात काय फेरीला?" पोरगं पुण्याला नोकरीला. त्याला फेरी कधी निघते तेही आठवत नाही. तेव्हापासून फोनवर म्हणतंय, "पप्पा, आवंदा नको जाऊया." लाठी खाल्लेली माणसं मी बघितलीत, १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातली, त्यांच्या पाठीवरचे वळ वडील आम्हाला दाखवायचे. वळ निदान दिसतो तरी. पोराच्या त्या वाक्याचा पंचनामा कुठं करू?

आवंदा डिसेंबरात कॉन्स्टेबल दुकानात आला. माणूस वाईट नाही. त्याच्या भावाच्या लग्नाचा मंडप माझाच होता, हिशेबातले पाचशे मी सोडले होते. चहा सांगितला. अर्धा कप झाल्यावर म्हणाला, "अण्णा, मेळाव्याला खुर्च्या द्यायच्या नाहीत, साहेब सांगितलेत."

"कुठल्या कलमाखाली?"

"कलम कशाला अण्णा. सांगितलेत म्हणजे सांगितलेत."

मी चलन बुक ओढलं, कार्बन घातला आणि लिहिलं. तारीख, वेळ. मालाचा तपशील: मेळाव्यास खुर्च्या देऊ नयेत असा तोंडी आदेश, नग एक. बुक त्याच्यापुढं सरकवलं. "माल मिळाला म्हणून मी सही करतो. दिला म्हणून तुम्ही इथं करा."

तो आधी हसला. मी पेन पुढं धरूनच ठेवलं. मग त्याचं हसू गेलं, टोपी उचलली, चहा तसाच ठेवून मोटारसायकलला किक मारली.

सही नाही म्हणजे आदेश नाही, असं धरून मी दीडशे खुर्च्या टेम्पोत भरल्या. मैदानाच्या वळणावर टेम्पो अडवला. चावी काढून घेतली, ड्रायव्हरला खाली उतरवलं. खुर्च्या चार दिवसांनी परत मिळाल्या, सात कमी. जप्तीचा पंचनामा मागितला तर म्हणाले, जप्त कुठं केल्या, नुसत्या ठेवून घेतल्या होत्या. सात खुर्च्यांचं विचारलं.

"बघू. नाळे बर्री."